तीन नंबरची हॉटडिश

त्या रविवारी ऑर्लिन ट्वेटनने मुकाट्याने गाडी काढली असती, तर सांगण्यासारखं काही घडलंच नसतं. गाडी गॅरेजमध्ये होती, टाकी भरलेली होती, आणि त्याच्या बायकोने, आर्डिसने, जाताना किल्ली त्याच्या कॉफीच्या कपाला टेकवून ठेवली होती. (बायका किल्ल्या उगाच कुठेही ठेवत नाहीत.)

चर्चला शंभर वर्षं झाल्याचं जेवण होतं. घरटी एक पदार्थ, बहुतेक हॉटडिश (म्हणजे ओव्हनमध्ये भाजलेलं एका भांड्यातलं जेवण), आणि स्वयंपाकघराची मुख्य आर्डिस. ती सकाळी आठलाच शेजारच्या मायर्नाबरोबर तिच्या गाडीतून निघाली, ते सूचना देतच.

"हॉटडिश सव्वाअकराला ओव्हनमधून काढ. वर फॉइल लाव. फ्रिजवर माझ्या नावाची चिकटपट्टी लावून ठेवलीये, ती फॉइलवर चिकटव. टॉवेलात गुंडाळ आणि बाराच्या आत गरम आणून दे. चौतीस वर्षांत माझी डिश एकदाही उशिरा पोचली नाही, ऑर्लिन."

"आणि सायकलवरून आणली तर?"

आर्डिस दारात थांबली. गॅरेजमधल्या त्या नव्या विजेच्या सायकलीकडे तिने एकदा पाहिलं. ऑर्लिनने ती तिला न विचारता आणली होती आणि वर "आपल्या दोघांसाठी" असं सांगितलं होतं.

"हं," ती म्हणाली, "वेगळंच काहीतरी."

आमच्या मिनेसोटात कुणी कुणाला थेट नावं ठेवत नाही. 'वेगळंच काहीतरी' एवढं म्हटलं की समजायचं, वस्तूची रवानगी पुढच्या शनिवारी जुन्या सामानाच्या विक्रीत. ऑर्लिनच्या हे लक्षात आलं आणि म्हणूनच त्याने मनाशी ठरवलं, की हॉटडिश सायकलवरूनच न्यायची. वेळेत आणि गरम पोचली की सायकल वाचली.

आता ऑर्लिनविषयी एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. तो एकतीस वर्षं ड्रायव्हिंग लायसनच्या परीक्षा घ्यायचा. गावातली निम्मी माणसं त्याने निदान एकदा तरी नापास केलेली. थांबायच्या पाटीपाशी चाक केसभर जरी हललं, तरी हा फॉर्मवर फुली मारणार. स्वतःच्या मेव्हण्यालाही त्याने सोडलं नव्हतं. (मेव्हणा अजून नाताळला मोजेच पाठवतो.) अशा माणसाच्या हातात विजेची सायकल देणं म्हणजे माकडाच्या हाती कोलीत देण्यासारखं नाही, उलट आहे; कोलिताच्या हाती माकड दिल्यासारखं आहे.

कारण या सायकलींचे तीन वर्ग असतात. पहिल्या वर्गात पाय मारले तरच मोटार मदत करते, आणि ताशी वीस मैलांवर हात वर करते. दुसऱ्यातही वीसच, पण मूठ पिळली की पाय न मारता पळते. तिसऱ्यात पाय मारावे लागतात, पण मदत अठ्ठावीसपर्यंत. सायकलीवर वर्ग, वेग आणि मोटारीचे वॉट लिहिलेलं लेबल हवं. आणि ऑर्लिनच्या सायकलीला एक बटण होतं. ते दाबलं की ती एकची दोन आणि दोनची तीन व्हायची.

"मग हिला लेबल कुठलं लावायचं?" त्याने दुकानदाराला विचारलं होतं.

"तिन्ही देतो," दुकानदार म्हणाला होता, "तुम्हाला आवडेल ते लावा."

आवडेल ते! ऑर्लिनला त्या रात्री झोप लागली नाही. पहाटे त्याला उत्तर सापडलं. बटण दाबलं की वर्ग बदलतो. वर्ग बदलला की लेबल बदललं पाहिजे. सरळ हिशेब आहे. (कुणीही शहाणा माणूस एक नंबर लावून सगळीकडून बिनघोर गेला असता. पण शहाण्या माणसाने गाडीच काढली असती.)

सव्वाअकराला हॉटडिश निघाली. खाली खिमा आणि मश्रूमचं सूप, वर बटाट्याच्या तळलेल्या गोळ्यांच्या रांगा, एकही गोळी तिरकी नाही. काचेचं भांडं, फॉइल, फॉइलवर 'आर्डिस ट्वेटन' अशी कागदी चिकटपट्टी, भोवती टॉवेल. सगळं मागच्या टोपलीत बसलं. रस्त्यावर तीन नंबर चालतो, म्हणून तीनचं लेबल लावून, हेल्मेट घालून स्वारी निघाली. अकरा पंचवीसला तो तळ्यापाशी होता. 'गाडीची एवढ्यात किल्लीसुद्धा फिरवून झाली नसती,' तो स्वतःशीच म्हणाला आणि खूश झाला.

तळ्याकाठच्या वाटेवर पाटी होती: फक्त वर्ग एक.

ऑर्लिन थांबला. (पूर्ण थांबला.) बटण दाबून एक केलं आणि तीनचं लेबल नखाने सोलायला लागला. लेबल एकदा लागलं की निघू नये असंच बनवलेलं होतं. पाच मिनिटांनी ते फाटत फाटत निघालं. हातातला कपटा टाकायचा कुठे? कचरा टाकणं गुन्हा. त्याने तो फॉइलवर, आर्डिसच्या नावाशेजारी चिकटवून दिला आणि एक नंबरचं लेबल लावलं.

अर्ध्या मैलावर रूळ काढलेल्या जुन्या रेल्वेची वाट लागली. तिथे पाटी: वर्ग एक आणि दोन. आणि पुढे पुलाचा चढ. ऑर्लिनचा उजवा गुडघा चढ बघूनच दुखतो, म्हणजे मूठ पिळणं आलं, म्हणजे दोन नंबर आला. त्याने एकचं लेबल सोललं, तेवढ्यात वाऱ्याने ते उचललं आणि तळ्यात नेऊन टाकलं. कचरा! तोही पाण्यात! ऑर्लिन काठावर पालथा पडून काटकीने ते लेबल ओढत होता आणि मागे टोपलीत हॉटडिश निवत होती. त्यात दहा मिनिटं गेली.

ओल्या हातांनी लावलेलं दोनचं लेबल काही केल्या चिकटेना. शेवटी त्याने इकडेतिकडे पाहिलं, फॉइलवरची आर्डिसच्या नावाची पट्टी काढली आणि त्या पट्टीने ते लेबल सायकलीच्या दांडीला चिकटवून टाकलं. बटण दाबायचं मात्र या धांदलीत राहून गेलं.

"ट्वेटन सर! काही मदत हवी का?"

वाटेची देखरेख करणारी ब्रेंडा ह्योर्ट मागे उभी होती. ब्रेंडाला ऑर्लिनने ड्रायव्हिंगमध्ये तीनदा नापास केलं होतं. त्याला तीस वर्षं झाली होती, पण अशा गोष्टी माणूस विसरत नाही.

"काही नाही गं, लेबल जरा..."

ब्रेंडा वाकली. "लेबल दोन. मुठीजवळच्या पडद्यावर एक. आणि हा खाली तीनचा अर्धा डिंक. सर, ही सायकल आहे तरी कितवीत?"

ऑर्लिनने तिला सगळं पहिल्यापासून समजावून सांगितलं. आधी ती गोंधळली. मग त्याने आणखी नीट समजावलं, तेव्हा तोही गोंधळला. पडद्यावर एक असताना दोनचं लेबल खोटं, की दोनचं लेबल असताना पडदा खोटा? आणि तो तर सायकलीवर बसलेलाच नव्हता, मग या क्षणी ती कुठल्या वर्गात? ब्रेंडाने खिशातलं नियमांचं पुस्तक काढलं, चाळलं, डोकं खाजवलं.

"इथे लिहिलंय, लेबल कायमचं बसवलेलं हवं. हे तर चिकटपट्टीने लावलंय. सायकल चौकीत ठेवावी लागेल. तुम्हीच शिकवलंत ना सर, नियम म्हणजे नियम?"

"पण हॉटडिश..."

"हॉटडिश कुठल्याही वाटेने जाऊ शकते," ब्रेंडा म्हणाली. तिने वही उघडली. "मालकाचं नाव?" मग पट्टी वाचली. "अच्छा, आर्डिसची आहे होय?"

"नाही, म्हणजे... दोघांची."

"पट्टीवर एकच नाव आहे, सर."

भांडं नुसत्या हाताने उचलता आलं. हातांना चटका बसला नाही, त्याचा चटका काळजाला बसला. टॉवेल टोपलीतच राहिला. हेल्मेट डोक्यावरच राहिलं.

चर्चमध्ये पोचायला बारा वाजून वीस मिनिटं झाली. आर्डिस दाराकडे बघत असलेली त्याला खिडकीतूनच दिसली. तिने हातातलं घड्याळ पाहिलं, मग पदार्थांचं टेबल पाहिलं. त्यावर अकरा हॉटडिशेस होत्या, पण तिची नव्हती. ऑर्लिनला फार वाईट वाटलं. खरं म्हणजे त्याने सरळ जाऊन माफी मागायची. पण भित्या पाठी ब्रह्मराक्षस. तो मागच्या दाराने शिरला, ओट्यावर गुपचूप भांडं ठेवलं आणि हॉलमध्ये जाऊन बसला. 'दिसेल तिला,' तो मनाशी म्हणाला. 'वाटेल, मघापासून इथेच होती.'

स्वयंपाकघराच्या खिडकीतून आवाज आला.

"अगं आर्डिस, ही कुणाची गं? नाव नाही. आणि थंडगार!" ती मायर्ना.

"मला काही दिसत नाहीये, चष्म्यावर वाफ आहे." ती आर्डिस. तिचा तरी काय दोष, गावात सगळ्या बायकांकडे त्याच सेलमधली तीच भांडी. "काही लिहिलंय का वर?"

"फाटलंय. तीन... अठ्ठावीस एम... सातशे पन्नास वॉट."

"मग झालं की! मायक्रोवेव्ह सातशे पन्नासवर, अठ्ठावीस मिनिटं. लिहिलंय बिचारीने एवढं नीट."

"आणि तीन?"

"तिसरा कप्पा असेल. फॉइल काढ आणि ठेव आत."

ऑर्लिन ताडकन उभा राहिला आणि नेमक्या त्याच क्षणी पाद्रीबाबांनी प्रार्थना सुरू केली. आमच्याकडे प्रार्थनेत आग लागली तरी माणूस आमेनपर्यंत थांबतो. ऑर्लिन हेल्मेट हातात धरून उभाच राहिला. प्रार्थनेत शंभर वर्षांतल्या प्रत्येक छपराच्या दुरुस्तीचा उल्लेख होता. आमेन म्हणेपर्यंत जळका वास हॉलभर पसरला होता.

डिश टेबलावर आली. गोळ्या काळ्या ठिक्कर, खालचा खिमा विटेसारखा. लोक रांगेत येत, तिच्याकडे पाहत आणि अदबीने पुढे सरकत. "हं," ते म्हणत, "वेगळंच काहीतरी." सगळ्यात मोठ्याने म्हणाली ती आर्डिस.

डिश भरलेली परत जाणं म्हणजे ती आणणारीचा अपमान. तो आर्डिसचा व्हायला नको, म्हणून ऑर्लिनने ताट घेतलं आणि खायला सुरुवात केली. एकट्याने. दुसऱ्या वाढपानंतर मायर्ना कौतुकाने बघायला लागली. चौथ्याला भांड्याचा तळ दिसला आणि तळाबरोबर कोपऱ्यातला टवकाही दिसला. हा टवका ऑर्लिनच्याच हातून, त्यांच्या विसाव्या लग्नदिनी पडला होता.

आर्डिस शेजारी येऊन उभी होती. तिने टवका पाहिला, मग ऑर्लिनचे काळे दात पाहिले.

"ऑर्लिन."

"पहिल्यापासून सांगतो," ऑर्लिन म्हणाला.

पण तेवढ्यात ब्रेंडा आली, हातात टॉवेल आणि सायकलीची किल्ली. "आर्डिस, तुझी सायकल बाहेर लावलीये. लेबल मी नीट बसवून दिलं, एक नंबरचं. आणि ते बटणही एकवरच कुलूपबंद केलं. छान आहे गं सायकल!"

आर्डिस सायकलीकडे गेली. दांडीवरच्या पट्टीवर स्वतःच्या हस्ताक्षरातलं नाव तिने दोनदा वाचलं. मग ती सायकलीवर बसली, आवारात एक फेरी मारली, दुसरी मारली आणि तिसऱ्या फेरीला चक्क हसली. सायकल वाचली! ऑर्लिनचा जीव भांड्यात पडला. मग आर्डिसने त्याचं हेल्मेट मागून घेतलं, डोक्यावर चढवलं, रिकामं भांडं त्याच्या हातात दिलं आणि तळ्याच्या वाटेला लागली. ऑर्लिन मागून चालत घरी आला.

आता दर रविवारी आर्डिस सायकलवरून चर्चला जाते आणि ऑर्लिन हॉटडिश घेऊन गाडीने. तिने चिकटपट्टीचं नवं रिळ आणलंय. भांड्यावर पट्टी, सायकलीवर पट्टी, गाडीच्या किल्लीवरसुद्धा पट्टी. मागच्या आठवड्यात चर्चमध्ये कोट खुंटीला लावताना ऑर्लिनच्या बोटांना कॉलरच्या आत काहीतरी खरखरीत लागलं. त्याने कॉलर उलटी करून वाचलं: 'आर्डिस ट्वेटन. सापडल्यास स्वयंपाकघरात आणून द्यावा.'