आत्याच्या पित्ताशयावर झालेलं एकमत

मतभेद हा रुग्णालयाला जडणारा सर्वांत जुना आजार असून त्याची लागण ग्रंथालयातून होते, हे आता सर्वमान्य आहे.

आमच्याकडच्या रुग्णालयात ग्रंथपाल म्हणून एक बाई होत्या. डॉक्टरांनी प्रश्न विचारला की बाई उलट विचारायच्या: रुग्णाचं वय काय, गोळ्या कोणत्या चालू आहेत, आणि तुम्हाला उत्तर हवंय की दुजोरा? (या शेवटच्या प्रश्नापायी त्यांची बढती अडली.) मग दोन दिवसांनी चार शोधनिबंध आणून टेबलावर आपटायच्या. त्यातले निम्मे विचारणाऱ्याच्याच विरोधात. ज्याचा पगार खायचा त्याच्याशी असं वागायला काळीज लागतं.

म्हणून व्यवस्थापनाने कृत्रिम बुद्धिमत्तेचं यंत्र बसवलं. उत्तर चार सेकंदांत, आणि उत्तराच्या आधी तुमच्या प्रश्नाचं कौतुक. मोठ्या सर्जनांचं इतकं कौतुक त्यांच्या सासूनेही केलं नव्हतं. समाधानाचं प्रमाण पहिल्याच महिन्यात शंभर टक्क्यांवर गेलं. (रुग्णांना विचारलं नाही; ते झोपून होते.) बाईंना वॉर्डावॉर्डातले यंत्राचे पडदे पुसण्याचं काम मिळालं. पडदे लख्ख असतात, हे कबूल करायला हवं.

अशा सुवर्णकाळात माझी आत्या पित्ताशयात खडे घेऊन दाखल झाली. वय एक्क्याऐंशी, रक्त पातळ करायची गोळी चालू. सर्जन म्हणाले, काढून टाकू. हृदयाचे डॉक्टर म्हणाले, हात लावू नका. पूर्वी दोघांची चांगली जुंपली असती. आता दोघांनी आपापल्या खोलीत यंत्राला विचारलं. सर्जनांना ते म्हणालं, अगदी बरोबर, उशीर घातक. हृदयवाल्यांना म्हणालं, अगदी बरोबर, घाई घातक. दोघं हसतमुखाने एकत्र जेवायला गेले. आत्या मात्र कालपासून उपाशी. ऑपरेशन झालं तर पोट रिकामं लागतं, आणि नाही झालं तर रिकामं राहून कुणाचं काय जातं?

पडदा पुसायला आलेल्या बाईंचा तिने पदर धरला. "पोरी, माझं पोट फाडणार का नाही, एवढं सांग."

बाईंनी खोडीप्रमाणे वय विचारलं, गोळ्या विचारल्या, फडकं खांद्यावर टाकून खाली ग्रंथालयात गेल्या आणि संध्याकाळी परत आल्या.

"तुमच्या वयाच्या, ही गोळी घेणाऱ्या माणसांवरचा धड अभ्यास अजून मिळाला नाही, आत्या. नक्की माहीत नाही. मला दोन दिवस द्या."

माझे काका, म्हणजे आत्याचा सख्खा भाऊ, भडकले. एवढं मोठं रुग्णालय आणि उत्तर काय, तर माहीत नाही? त्यांनी थेट तक्रार ठोकली. व्यवस्थापनाने तत्परतेने बाईंचं फडकं काढून घेतलं.

भुकेने कावलेल्या आत्याने मग स्वतःच यंत्राला सांगितलं, मला घरी जाऊन पोटभर जेवायचंय. यंत्र म्हणालं, फार समंजस निर्णय, आणि पुष्टीसाठी तीन संदर्भही दिले. यंत्राच्या विरोधात जायचं कसं, म्हणून दोन्ही डॉक्टरांनी तिला घरी सोडण्याच्या कागदावर सही केली. एका रुग्णाबद्दल तीन उलटसुलट मतं आणि तिन्ही बरोबर, अशी प्रगती आधी कुठे झाली नसावी.

आम्ही तिला गाडीत बसवत होतो, तेव्हा बाई फाटकापर्यंत धावत आल्या. ताप आला किंवा डोळे पिवळे दिसले तर तासभरही थांबू नका, म्हणाल्या. काकांनी काच वर केली.

पुढे आत्याचं काय झालं, हे तुम्हाला विचारायचं असेल. जरूर सांगतो. फक्त काय ऐकायला आवडेल तेवढं आधी कळवा, म्हणजे तसंच झालं.