उघडा पाइप

"हा पाइप उघडा आहे!"

मल्हारी गाडीखालून असा ओरडला, की लताबाईंना वाटलं गॅसचाच पाइप. कणकेच्या हातांनी त्या अंगणात धावल्या.

पाइप गॅसचा नव्हता. मल्हारीने दोन वर्षं खपून उभ्या केलेल्या जुन्या फियाटचा होता. तो इंजिनाच्या पोटातून निघत होता आणि खाली रस्त्याकडे तोंड करून नुसताच संपत होता. मल्हारीची सगळी नोकरी एकलहऱ्याच्या वीज केंद्रात गेलेली. तिथे पाइपाचं टोक उघडं दिसलं की आधी टोपी बसायची, मग ते कुणी सोडलं याची चौकशी. गाडी बनवणाऱ्यांनी हा पाइप मुद्दाम तसा सोडला असेल, हे त्याच्या स्वप्नातही येणं शक्य नव्हतं.

"अहो, पण इतकी वर्षं चाललीच ना गाडी?"

"चालली म्हणजे काय? कुणाचं लक्षच गेलं नाही!"

त्याने आट्यांवर दोरा गुंडाळून पितळी टोपी आवळली. दुसऱ्या दिवशी गाडीत तेलाचा उग्र वास येऊ लागला. शोध घेता घेता तो इंजिनाच्या वरच्या झाकणाकडून एअर फिल्टरकडे जाणाऱ्या रबरी नळीपाशी पोचला. नळी उपसून पाहिली आणि त्याला धक्काच बसला. "लता, हे इंजिन स्वतःचाच धूर परत गिळतंय!" त्याने तीही वाट बंद केली. बाकीच्या नळ्या क्लिपा लावून इतक्या शिस्तीत ओढल्या, की बॉनेट उघडं ठेवावंसं वाटावं. वास गेला.

"रविवारी व्याही येतायत आपल्या तेजलच्या साखरपुड्याला," लताबाई म्हणाल्या. "त्यांच्यासाठी रिक्षा सांगा."

"व्याही रिक्षातून?"

"मग नीट ऐका. पाहुण्यांच्या कपड्यावर एक डाग पडला, तर सोमवारी ही गाडी भंगारात. तेजलची शपथ!"

मल्हारी हसला. इतक्या बंदोबस्तात डाग येणार कुठून?

रविवारी व्याही निवृत्तीराव आणि विहीणबाई पुतळाबाई विंचूरहून नाशिकरोड स्टेशनवर आले. निवृत्तीराव एका साखर कारखान्यात बॉयलरवर काम करून निवृत्त झालेले. पुतळाबाई कोऱ्या पांढऱ्या साडीत. जय भीम झाला, मंडळी गाडीत बसली. स्टेशन मागे पडत नाही तोच बॉनेटखाली टक् झालं. मल्हारीने थांबून पाहिलं. तेल मोजायची पट्टी आपोआप वर आली होती. त्याने ती दाबून बसवली आणि तारेने बांधून टाकली.

"काय झालं हो?" लताबाईंचा आवाज खाली आला होता.

"काही नाही. सैल होती."

थोडं पुढे गेल्यावर धूर निघाला. इंजिनाच्या फटीफटीतून तेल पाझरत होतं. मल्हारी हादरला. एवढं बंद केलं, तरी हे येतंय कुठून? इंजिन चालू ठेवून त्याने बॉनेट वर केलं. "काय झालं, बघू," म्हणत पुतळाबाई शेजारी येऊन उभ्या राहिल्या. मल्हारीने तेल ओतायचं झाकण फिरवलं.

फस्स!

पांढऱ्या साडीवर खांद्यापासून निऱ्यांपर्यंत काळे ठिपके उठले होते. लताबाईंनी डोळे मिटून घेतले. मल्हारीच्या हातात झाकण तसंच राहिलं. समोर इंजिन बराच वेळ कोंडलेला श्वास सोडत होतं. तो ते बघत राहिला आणि त्याचे कान तापले.

"पोटातली वाफ जायच्या वाटा होत्या त्या," तो पुटपुटला. "मीच दोन्ही बुजवल्या."

"उद्या भंगारात," लताबाई डोळे न उघडता म्हणाल्या.

निवृत्तीराव तोवर वाकून गाडीखाली बघत होते. "टोपी कुणी बसवली?"

"मी."

"आट्यांवर दोरा?"

"गुंडाळलाय."

"वा! सगळीकडून गळतंय, पण इथं थेंब नाय." निवृत्तीराव उठले. "मला बी द्या अशी एक. आमच्या गच्चीवर सोलरच्या टाकीचा पाइप बसवणाऱ्यांनी उघडाच सोडलाय. रोज दिसतो, रोज जिवाला लागतं."

"नाय!" पुतळाबाई ओरडल्या.

"नाही!" त्याच क्षणी लताबाईही ओरडल्या.

दोघींनी चमकून एकमेकींकडे पाहिलं. दोघे पुरुष आता टोपी काढायला गाडीखाली शिरले होते. बाहेर फक्त चार पाय दिसत होते, आणि आतून आटे किती असावेत यावर चर्चा चालली होती.

पुतळाबाई जवळ सरकल्या. "ताई, गाडी ईकू नका. गाडी गेली की हे दोघं घरातले पाइप धरतील. तुमच्याकडचे झाले की आमच्याकडचे."

"अहो, पण मी शपथ घेतलीय. पाहुण्यांच्या कपड्यावर डाग पडला तर..."

"कुठं पडलाय डाग?" पुतळाबाईंनी पदर अंगभर ओढून घेतला. "ठिपक्यांचीच साडी हाय ही. रिक्षा बोलवा."