परशरामअण्णा आणि बिनतिकिटाचं ॲप

परशरामअण्णांच्या मोबाईलमध्ये नवीन काही घालायला गेलं, की ते हात पुढं करतात आणि विचारतात, "तिकीट?"

बेळगाव–निपाणी मार्गावर त्यांनी हयातभर कंडक्टरकी केली. अण्णा निवृत्त झाले, नजर झाली नाही. वडगावात आमच्या गल्लीत कुणी काही फुकट वाटायला आलं, की शेवटच्या सीटखाली लपलेल्या माणसाकडं बघावं तसं ते त्याच्याकडं बघतात. मग तो बँकेचा असो, पक्षाचा असो की देवाचा.

मला हे मनापासून पटतं. मी पत्रकांवर वाढलेला. वडील मोर्चाची उरलेली पत्रकं घरी आणायचे, त्यांच्या कोऱ्या पाठीवर मी पाढे लिहिले. फुकट माल देऊन माणसं गोळा करणाऱ्या कंपन्यांविरुद्ध मी स्वतः पत्रक काढलंय. तरीही ते ॲप अण्णांच्या मोबाईलमध्ये घालायची पाळी माझ्यावरच आली.

गल्लीतल्या वाचनालयाचे निरोप अण्णा पाठवतात. ग्रुपवर नव्हे. प्रत्येक सभासदाला वेगळा, एका बोटानं टाइप करून. भाषण रविवारी असलं की अण्णा सोमवारपासून लागतात. समितीला हे बघवेना. त्यांनी नवं ॲप शोधलं. वाचनालयाची सोशल मीडियावरची सगळी पानं, सगळे मेसेज एका जागी. एकदा लिहायचं, सगळीकडं जाणार. कुणी उलट काही लिहिलं तर उत्तरही तेच देणार. आठवडाभर बघू, बरं चाललं तर काम त्याच्याकडं, असं ठरलं.

"म्हंजे मला उतरवतायसा म्हण की," अण्णा म्हणाले.

"त्रास वाचेल तुमचा."

"मी कवा म्हटलं तरास हाय म्हणून?"

ॲपनं आधी सगळ्यांचे नंबर मागितले. मग फोटो. मग आपण कुठं आहोत ते.

"वळख न्हाय, पाळख न्हाय, आणि घरातली मानसं मोजायलंय! पैसं किती म्हणालास?"

"फुकट आहे, अण्णा."

"फुकट गाडी चालत न्हाय रं. डिझेल लागतंय. ह्याचं तिकीट कुणीतरी काढलंय. कोण, तेवढं सांग."

मला उत्तर माहीत होतं. पण समितीनं मला ते सांगायला पाठवलं नव्हतं.

बेळगाव हे नाव दिल्याबरोबर ॲपनं सुचवलं, की आपले वाचक कन्नड पसंत करतात. अण्णांनी चष्मा कपाळावर चढवला. त्यांचं कन्नड उत्तम आहे, "मुंदे होगरी", पुढं सरका, म्हणत त्यांनी भरलेल्या बसमधली माणसं आत सरकवलीत. राग भाषेचा नव्हता.

"मानूस चढला की मी त्याच्या तोंडाकडं बघायचो, मग बोलायचो. मराठीवाल्यासंगं मराठी, कानडीवाल्यासंगं कानडी. हे नुसता स्टॉप बघून बोलायलंय!"

सुरुवातीचे दिवस ॲपचेच होते. निरोप क्षणात गेले, पानावर अंगठे वाढले, समिती खूश झाली. अण्णा वाचनालयाच्या बाकावर मोबाईल मांडीवर घेऊन बसायचे. तो वाजायचा नाही. कुणी काही लिहिलं, की ॲप उत्तर देऊन मोकळं व्हायचं.

गुरुवारी सुमनआक्का थेट वाचनालयात आल्या. घरी हातमाग, आमच्या जुन्या सभासद. दारातूनच म्हणाल्या, "परशराम, छान म्हणतोस व्हय रं?"

अण्णांनी त्यांचा मोबाईल हातात घेतला. आक्कांनी सकाळी लिहिलं होतं, 'रविवारी जमणार न्हाय. ह्यांना दवाखान्यात ठेवलंय.' खाली लगेच वाचनालयाचं उत्तर: 'छान! आपला प्रतिसाद आमच्यासाठी मोलाचा आहे.' आणि एक हसरा चेहरा.

हे अण्णांनी लिहिलेलं नाही, असं मी सांगणारच होतो. अण्णांनी हातानं अडवलं.

"चुकलो आक्का. कुठला दवाखाना?"

"आत्ता इचारतोस?"

"आत्ता इचारतोय. डबा कोण देतंय?"

आक्का बाकावर बसल्या आणि रडायला लागल्या. डबा कुणीच देत नव्हतं.

डबा पोचवून दवाखान्यातून परत येताना स्कूटरवर मी विचारलं, "अण्णा, ॲपचं नाव का नाही सांगितलं?"

"आक्का काय ॲपला वळखती व्हय? ती मला वळखती. मग बोलनं मीच खायाचं."

त्याच दिवशी मी समितीला कळवलं, ॲप काढतोय, कारण हवं असेल तर पत्रक छापून देतो. कारण कुणी मागितलं नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी अण्णा पुन्हा एका बोटानं सुरू झाले. मी शेजारी बसलो होतो. त्यांच्या घरी कुणी नाही, काकू गेल्या, मुलगा पुण्यात. पहिल्यांदाच मी ते निरोप नीट वाचले. भाषणाची वेळ एका ओळीत. खाली प्रत्येकाला वेगळा प्रश्न. 'गुडघा कसा हाय?' 'लेकीचा निकाल लागला?' उत्तर आलं की अण्णा ओठ हलवत दोनदा वाचायचे आणि मग पुढचं नाव काढायचे.

इतक्यात माझाच मोबाईल वाजला. हातभर अंतरावर बसलेल्या अण्णांचा मेसेज. 'रविवारी भाषण हाय. नक्की येणे. जेवलास काय?'

मी त्यांच्याकडं बघितलं. ते मान खाली घालून स्क्रीनकडं बघत थांबले होते.

मी टाइप केलं, 'न्हाय अजून.'

अण्णांनी ते दोनदा वाचलं. मग चष्मा काढून उठले.

"चल. भाकऱ्या जरा जास्तच झाल्यात आज."