टिटवीनं वाचलेली जाहीर सूचना

एका जंगलात विद्यापीठ होतं. हसू नका मुलांनो, जंगलातही विद्यापीठ लागतं. नाहीतर सत्कार कुठे करायचे?

त्या विद्यापीठात रेवा नावाची टिटवी पाणथळशास्त्र शिकवायची. ती कंत्राटी होती. दर अकरा महिन्यांनी तिला काढून टाकायचे आणि एक दिवस सोडून पुन्हा घ्यायचे. तिचं घर नदीपात्रातल्या वाळूत होतं. घर म्हणजे काय, एक खळगा आणि भोवती थोडे खडे. त्यात तिची चार अंडी होती. ती शिकवायला गेली की नवरा अंड्यांवर बसायचा.

एका सकाळी पाणकावळा धापा टाकत आला.

"रेवाताई, 'रानवार्ते'त आपल्या नदीपात्राबद्दल सरकारी सूचना आलीय म्हणे!"

"काय सूचना?"

"ते मला काय ठाऊक? मी थोडाच वर्गणीदार आहे!"

पूर्वी 'रानवार्ता' उंबराच्या बुंध्याला चिकटवत. येणारे-जाणारे वाचत. आता ती फक्त संगणकाच्या पडद्यावर दिसे, आणि पडद्याला कुलूप असे. वर्गणीदार सगळे टेकडीवर राहायचे. त्यांना नदीपात्राशी काय देणंघेणं? सरकार मात्र सूचना 'रानवार्ते'तच द्यायचं. सूचना दिलीच पाहिजे, असं कायद्यात लिहिलं होतं. ती वाचता आली पाहिजे, हे लिहायचं राहून गेलं होतं.

रेवानं पडदा उघडला. 'नदीपात्रातील सर्व रहिवाशांना कळविण्यात येते की' एवढंच दिसलं. पुढचं सगळं धुक्यात.

मग तिला विद्यापीठाच्या ग्रंथालयाची पाटी आठवली: 'रानवार्ता आता सर्वांना मोफत!' ती तडक तिकडे उडाली.

ग्रंथपाल घोरपडेसाहेब खुर्चीला घट्ट धरून बसले होते. जातीची घोरपडच ती, एकदा धरलं की सोडायची नाही. टिटवीला पाहून त्यांना भरून आलं.

"या, या! तीन वर्षं झाली वर्गणी भरून. वाचायला येणाऱ्या तुम्ही पहिल्याच!"

"मला चालेल ना साहेब? मी कंत्राटी आहे."

"अहो, ज्ञानात भेदभाव नसतो! विद्यापीठाचा ईमेल टाका आणि नोंदणी करा. दोन मिनिटांचं काम."

रेवानं ईमेल टाकला. तो बंद होता. गेल्या वेळी कंत्राट संपलं, त्या मधल्या एका दिवसात तो बंद केला होता. पुन्हा चालू करायचं कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

ती संगणक विभागात गेली. तिथे सरडा होता.

"होऊन जाईल," सरडा हिरवा होत म्हणाला. "फक्त तसा अर्ज ईमेलनं पाठवा."

"ईमेल नाही म्हणून तर अर्ज करतेय!"

"मग कसं होणार?" सरडा करडा झाला.

दुसऱ्या दिवशी त्यानं विभागप्रमुखांची सही मागितली. तिसऱ्या दिवशी सहीखाली शिक्का मागितला. चौथ्या दिवशी तो रजेवर होता. पाचव्या दिवशी जागेवर होता, पण कुंपणाच्या रंगाचा झाला होता, म्हणून दिसला नाही.

घरी नवरा विचारायचा, "वाचलंस का गं?"

"उद्या," रेवा म्हणायची. "सगळं नियमात बसतंय. फक्त उद्या."

सहाव्या दिवशी ईमेल मिळाला. आता पासवर्ड हवा होता. सात वेळा पडदा म्हणाला, 'पासवर्ड कमकुवत आहे.' आठव्यांदा रेवानं रागाच्या भरात सरड्याला एक सणसणीत शिवी टाकली. 'पासवर्ड उत्तम आहे,' पडदा म्हणाला.

कुलूप उघडलं! रेवानं चोचीनं त्या सूचनेवर टिचकी मारली.

'आपल्या ग्रंथालयाच्या वर्गणीत प्रत्येक अंक आठव्या दिवशी खुला होतो.'

"साहेब, हे काय?"

"बरोबर आहे," घोरपडेसाहेब म्हणाले. "ही वर्गणी संशोधनासाठी आहे. संशोधकाला घाई कसली?"

"माझी अंडी आहेत हो तिथे!"

"मग विषय चांगला आहे. प्रबंध लिहा."

सातव्या दिवशी अंडी फुटली. चार पिल्लं बाहेर आली आणि लगेच चालू लागली. टिटवीची पिल्लं असतातच तशी चटपटीत.

आठव्या दिवशी सूचना उघडली. रेवानं ती उभ्या उभ्या वाचली. नदीपात्रातली वाळू उपसायचं काम रानडुकरांच्या मंडळाला दिलं होतं. हरकत असल्यास सात दिवसांत कळवायची होती. शेवटची ओळ अशी होती: 'हरकत न आल्यास रहिवाशांची आनंदाने संमती आहे, असे समजण्यात येईल.'

रेवा ओरडत घरी आली. नवरा-बायकोनं पिल्लं कशीबशी काठावर नेली. शेजारच्या कासविणींना आपली अंडी हलवता येईनात. ती वाळूत खोल पुरलेली होती. रानडुकरं वेळेवर आली. सरकारी कामात तेवढंच वेळेवर झालं.

संध्याकाळी कासविणी काठावर बसून होत्या. आपण नियमानं वागलो, एवढंच रेवा पुन्हा पुन्हा म्हणत राहिली.

महिन्याभरानं विद्यापीठात समारंभ झाला. कुलगुरू गेंडामहाराजांनी 'आदर्श वाचक' म्हणून रेवाला शाल आणि नारळ दिला. "आपली वाचकसंख्या शून्यावरून एकावर गेली," ते म्हणाले. "ही वाढ इतकी मोठी आहे, की गणितात बसत नाही." टाळ्या झाल्या.

रेवानं शाल खुर्चीवर ठेवली आणि ती उडून गेली.

'रानवार्ते'च्या कचेरीत एक बेडूक बसायचा. शुद्धलेखन तपासायला तो उद्याचा मजकूर मोठ्यानं वाचायचा. रेवा रोज तिथल्या खिडकीत जाऊन बसू लागली. काही वाईट कानावर आलं की ती नदीभर ओरडत फिरायची. वाळूतली, झुडपातली सगळी सावध व्हायची.

टेकडीवरच्यांनी तक्रार केली. विद्यापीठानं पत्रक काढलं: 'आरडाओरडा करू नये. बातम्या ग्रंथालयात मोफत उपलब्ध आहेत.'

तेव्हापासून लोक म्हणतात, टिटवी ओरडली की काहीतरी वाईट होणार. तसं नसतं रे मुलांनो. वाईट व्हायचं आधीच ठरलेलं असतं. ती फक्त मोठ्यानं वाचून दाखवते.

तात्पर्य: माहिती सगळ्यांना मोफत द्यावी. ती कुणाला वेळेवर कळणार नाही, एवढी काळजी घ्यावी. आणि कळवणारी कुणी निघालीच, तर तिला अपशकुनी म्हणावं.