फॉल्ट कोणत्या टोकाला

चूक माझी होती, हे आधी लिहून टाकतो. नाहीतर माणिककाकांच्या गमती सांगण्याच्या नादात ते राहून जाईल.

काका आमच्या शेजारच्या घरात राहतात. येलदरीच्या वीजघरातून निवृत्त होऊन परभणीला आले. नेटबुक, म्हणजे त्यांचा छोटा लॅपटॉप, उघडण्याआधी ते पायात रबरी चप्पल घालतात. बिघाड असेल तर झाकणाला पत्र्याची पाटी अडकवतात : ‘काम चालू आहे. स्विच लावू नये.’ स्विच लावायला घरात दुसरं कुणी नाही. काकू गेल्या, मुलगी पुण्याला. ते चिमुकलं नेटबुक तिचंच, कॉलेजातलं. फार जुनं झालं म्हणून तिनं त्यात लिनक्स ही हलकी सिस्टीम घालून दिली. काका त्यावर खूश. “हे मशीन लपवाछपवी करत न्हाई, सर. काय दुखतंय ते लिहून सांगतंय.”

वायफाय आमचं. पासवर्ड मीच हौसेनं दिलेला. रविवारी संध्याकाळी पडद्यावर नात यायची आणि काका तिला बिघाड शोधायला शिकवायचे : “आधी आपलं टोक तपासायचं, मग दुसऱ्याचं.”

पुढं माझ्या पोराचे ऑनलाइन क्लास अडकायला लागले. मी पासवर्ड बदलला. काकांना सांगायला तोंड होईना, म्हणून सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी झाकणावर पाटी लटकलेली.

“काय झालं, काका?”

“वायफाय धरंना. बघायलोय.”

अपराधी वाटून मी जवळ बसलो. मग रोजच बसू लागलो. काकांनी काळ्या पडद्यावर कमांड टाकल्या, वायफायचं ड्रायव्हर सॉफ्टवेअर काढून पुन्हा घातलं, नेटबुक गच्चीवर नेऊन चारी दिशांना फिरवलं. मी गंभीरपणे मान हलवायचो. ते दोन कप चहा टाकायचे.

रविवार आला. काका साध्या फोनवर बोलले. नातीनं चित्र काढलं होतं. ते दाखवता येईना, म्हणून तिनं कुठं कोणता रंग दिलाय ते एकेक करून सांगितलं. मी समोरच बसलो होतो. ऐकवेना.

सोमवारी गेलो. “काका, कंपनीनं पासवर्ड बदललाय म्हणे. हा टाकून बघा.”

काकांनी टाकला नाही. “पहिल्याच दिवशी लिहून आलं होतं, सर. पासवर्ड चुकीचा.”

“मग मागितला का नाही?”

“बदलला म्हणजे द्यायचा नसंल. कसं मागावं?”

“आणि ते ड्रायव्हर, गच्ची?”

काकांनी माझा कप माझ्याकडं सरकवला. “फॉल्ट निघाला म्हणलो असतो, तर तुमी कशाला येऊन बसले असते?”

मी झाकणावरची पाटी काढली. ती हातातच राहिली.

“कंपनीनं नाही, काका. मीच बदलला. पोराच्या क्लाससाठी. सांगायची लाज वाटली, आणि आता खोटंही बोललो. फॉल्ट माझ्या टोकाला होता. उद्या काही बिघडलेलं नसलं तरी येतो. पण आधी मला माफ करा.”