काचेतली काठवट

"थांबा. साहेब जेवायलेत."

दुपारी एक ते दोन आमच्या कंधारच्या स्मारक-संग्रहालयात गेलात, तर नामदेवराव दारात आडवे होऊन हेच सांगतील. साहेब म्हणजे स्वातंत्र्यलढ्यातले आपले थोर नेते. त्यांना जाऊन कैक वर्षं झाली, हे नामदेवरावांना मान्य आहे. पण जेवणाची वेळ ती वेळ. ऐंशीला टेकलेला हा राखणदार पलंगाच्या खोलीचा पडदा ओढून घेतो. एका मंत्र्यालासुद्धा व्हरांड्यात बसवलं होतं. "मंत्री हाव? मग तर थांबाच. सवय न्हाई तुमाला."

आत पलंग, चष्मा, चरखा आणि काचेच्या कपाटात एक काठवट, भाकरीचं पीठ मळायची. तिच्याखालची चिठ्ठी माझी. तेव्हा मी बाविशीची, शाळेत इतिहास शिकवणारी, अक्कल वेणीपेक्षा लांब आहे असं समजणारी. नामदेवराव म्हणाले, "बाई, साहेबांची हाय. लिवा." मी वळणदार अक्षरात लिहिलं, 'नेत्यांच्या नित्य वापरातील काष्ठपात्र'. हा माणूस भाकरी कधी थापत होता, हे विचारायचं सुचलं नाही. 'काष्ठपात्र' मात्र सुचलं, म्हणून आठवडाभर आरशात स्वतःकडे कौतुकानं बघत होते.

निवृत्तीनंतर मी तिथं रोज जाते, नामदेवरावांशी भांडायला. गेल्या महिन्यात एक तरुण अधिकारीण तपासणीला आली तेव्हाही होते. तिच्या यादीत काठवट नव्हतीच.

"ही कुठून आली? काढा बाहेर."

नामदेवराव कपाटाला पाठ लावून आडवे उभे राहिले. मग म्हणाले, "माझ्या आईची हाय. निजामाच्या काळात लढणारी पोरं रानात लपायची. आई त्यांच्या भाकरीचं पीठ हिच्यातच मळायची. तिचं नाव कुठल्या कागदावर आलं न्हाई. साहेबांच्या नावानं तरी आत बसंल म्हणलं."

"मग खोटं का लिहिलंत?"

"म्या न्हाई. ह्या बाईनं लिवलं!"

पन्नास वर्षांनी मला लाज वाटली, आणि हसूही आलं.

अधिकारिणीनं यादी पुन्हा उघडली. "खरी चिठ्ठी लावा," ती म्हणाली. "यादीत मी घालते."

मी पेन काढलं. "नाव काय आईंचं?"

"गोदाबाई." नामदेवराव काचेवरची धूळ बाहीनं पुसायला लागले. "मोठं लिवा, बाई. तिला बारीक दिसत नव्हतं."

"त्यांना वाचता येत होतं?"

"न्हाई," ते म्हणाले. "तरी मोठं लिवा."