गवंड्याची बायको

आमच्या शेजारच्या गोदामावशी कोणाच्याही घरी गेल्या की आधी माणसांकडं पाहत नाहीत, वर पाहतात. फळीवर पितळी डबा, कपाटावर मिक्सर, भिंतीवर जड फोटो असं काही दिसलं की त्यांचा प्रश्न ठरलेला, "वर काय ठेवलं वं हे?" त्यांचा एक पाय अधू आहे, त्यामुळं स्टुलावर चढायचं काम समोर सापडेल त्याचं. आमच्याकडं एकदा चहाला आल्या आणि चहा उकळेपर्यंत मी आजोबांच्या तसबिरीसकट सगळं घर खाली उतरवून बसलो होतो.

आता बाभुळगावच्या आमच्या गल्लीत डोक्यापेक्षा उंच अशी जड वस्तू कोणाच्याच घरात उरलेली नाही. नवीन सून विचारते, "फळ्या रिकाम्या काहून?" सासू सांगते, "गोदामावशी येते."

मावशी मूळच्या लातूरकडच्या. किल्लारीच्या भूकंपात त्यांचं दगडी घर बसलं. आईवडील गेले, धाकटी बहीण गेली. मावशी तेव्हा तरणी मुलगी; लोकांनी तिला कोसळलेल्या माळवदाच्या मातीतून ओढून काढलं, ते मोडका पाय घेऊनच. पुढं तिकडं नवी गावं वसायला लागली तेव्हा इकडून जे गवंडी कामाला गेले, त्यांत आमच्या गल्लीतले वामनकाका होते. ही मुलगी काठी टेकत यायची आणि भिंतींवर बोटं वाजवत फिरायची. एका भिंतीपाशी थांबून म्हणाली, "ही पोकळ वाजती." काकांनी भिंत पाडली आणि पुन्हा बांधली.

"मले वाटलं, एक भिंत पाडून अशी बायको भेटत असंन तर सौदा वाईट नाही," काका अजून सांगतात.

लग्नानंतर काकांनी हौसेनं स्लॅबचं घर बांधलं. सळई दुप्पट टाकली. मावशींनी घर वाजवून पाहिलं, पास केलं, स्वयंपाक आत मांडला आणि झोपायला खाट अंगणात टिनाखाली टाकली. दिवाळीपर्यंत काकांनी तिच्याशेजारी आपली खाट आणली. लोक हसले. "गवंड्याची बायकोच स्लॅबखाली झोपत नाही, आपण कायले याच्याकडून घर बांधाचं?" एक-दोन कामं हातची गेलीसुद्धा. कोणी विचारलं तर काका म्हणत, "आत लय गरम होते, बावा." पौषातल्या थंडीतही त्यांना आत गरमच होत असे.

मावशींचा पाय थंडीत ठणकतो. तालुक्याच्या दवाखान्यात हाडाच्या डॉक्टरांनी पाय तपासला, झोपेची चौकशी केली आणि त्यांना मनाच्या आजारांच्या डॉक्टरीणबाईंकडं पाठवलं. त्या मंगळवारी येतात. मी मावशींना मोटारसायकलवर घेऊन गेलो. मावशी दारातच अडल्या.

"इमारत जुनी हाय. बाईंना म्हणावं तुम्हीच बाहेर या. तुमच्याच जिवासाठी सांगते."

डॉक्टरीणबाई खरंच बाहेर आल्या. कडुनिंबाखाली दोन खुर्च्या टाकल्या. "भीती वाटते का?" त्यांनी विचारलं.

"भीती नाही वो. मी फकस्त दाराजवळ बसते."

बाई हसल्या नाहीत. "मग आपण इथंच बसू," म्हणाल्या. पुढच्या मंगळवारी खुर्च्या आधीच मांडलेल्या होत्या. हळूहळू तिथं इतर लोकही यायला लागले. बाईंच्या खोलीच्या दारात उभं राहायला ज्यांना लाज वाटायची, त्यांना झाडाखाली बसायला काही वाटेना. झाडाखाली कोणीही बसतं. अपघातातून वाचलेला एक जीपवाला यायचा, मुलगी गमावलेली एक बाई यायची. मावशी सगळ्यांना आवळासुपारी वाटत आणि पायाचे व्यायाम शिकवत. जीपवाल्याचे पाय धडधाकट होते. तरी तोही करायचा.

मग एका सकाळी आमच्याकडंही जमीन हलली. भांडी खणखणली, कुत्री ओरडली आणि सगळी गल्ली रस्त्यावर आली. मी दूध आणायला गेलो होतो. पळत घरी पोचलो तर मावशी लंगडत आमच्या दारातून बाहेर येत होत्या आणि त्यांच्या दंडाला धरून माझी म्हातारी आई. "तारांखाली उभं राहू नका रे!" मावशी गल्लीवर ओरडत होत्या.

नुकसान कोणाचंच झालं नाही. दुपारपर्यंत त्यावर विनोदही सुरू झाले. आई मात्र घरात जाईना. खुर्चीवर बसून डुलक्या घ्यायची, बीपी वाढलं. मी विनवण्या केल्या, काकांनी भिंतींची हमी दिली.

"मले आत नोको नेऊ," ती म्हणायची. "सारं डोक्यावर पडल्यावानी वाटते."

चार-पाच दिवसांनी भरदुपारी मावशी काखेत सतरंजी घेऊन आल्या. सरळ आईच्या खोलीत गेल्या आणि उंबऱ्याशी ती अंथरली.

"या वैनी. तुम्ही पलंगावर, मी दाराशी. हललं तर मी आधी उठते. तुम्हाला घेतल्याबिगर जात नाही."

आई थोडा वेळ अंगणातच उभी राहिली. मग आत गेली आणि आडवी झाली.

बायको सापडेना म्हणून काका आमच्याकडं आले. मावशी सतरंजीवर डोळे टक्क उघडे ठेवून पडल्या होत्या. कपाळावर घाम होता, एक हात वर करून आईचा हात धरलेला. काकांनी माझ्याकडं पाहिलं. उंबऱ्याबाहेर टेकून बसले आणि हातातल्या टोपीनं आत वारा घालत राहिले.

तेव्हापासून मावशी रोज दुपारी येतात. आईचं बीपी ताळ्यावर आलं. परवा मी तिला म्हटलं, "आई, आता तुला एकटीनं झोपता येतं ना? मावशींना कशाला रोजचा त्रास? सांगू का त्यांना?"

आईनं घाईनं ओठांवर बोट ठेवलं आणि खोलीकडं मान वळवली. आत मावशी सतरंजीवर कुशीला वळून चक्क घोरत होत्या.

"सांगू नोको तिले," आई कुजबुजली. "झोपून राह्यली ना थे."